डांबराच्या गोळीने जनुकीय आजार होतो का?

प्रश्न एका आईचा आहे. थोडक्यात असा: पहिलं बाळ, मुलगा, वजन चांगलं. सुरुवातीची कावीळ आपोआप उतरली होती. बाराव्या दिवशी बारसं झालं. त्यासाठी आजीने ट्रंकेत जपून ठेवलेली दुपटी, कुंची आणि गोधडी बाहेर काढली. दोन दिवसांत बाळ पुन्हा पिवळं पडलं, दूध ओढेना, दुपट्यावरचा लघवीचा डाग गडद दिसू लागला. दाखल केलं तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, फार वाढलेलं आणि हिमोग्लोबिन घसरलेलं होतं. फोटोथेरपीवर (प्रकाशाच्या उपचारावर) भागलं नाही, रक्त बदलावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात डांबराच्या गोळ्या आहेत का?’ आणि घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, ‘जी६पीडी कमतरता’, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणारं एक एंझाइम कमी असणं. आता या बाईंना विचारायचं आहे की गोळ्यांमुळे मुलाला हा जनुकीय आजार जडला का, सासरचे म्हणतात तसा तो आईकडून आला का, यापुढे काय काय टाळायचं आणि दुसऱ्या बाळाचं काय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. गोळ्यांनी जनुक बिघडवला नाही. तो गर्भधारणेच्या क्षणापासून तसाच होता, आणि गोळ्या घरात आल्या नसत्या तर कदाचित मुलगा मोठा होऊन मलेरियाचं औषध घेईपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता. पण म्हणून गोळ्या निर्दोष ठरत नाहीत. जनुक आणि रसायन या दोघांची गाठ पडली तेव्हा रक्तपेशी फुटल्या. हा फरक नीट कळला की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काळाचा हिशेब पाहा. डांबराच्या गोळ्यांमधलं नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं गेलं ते १८२०च्या सुमारास. जी६पीडीच्या जनुकातले बदल हजारो वर्षांचे जुने आहेत. जिथे जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथे तिथे ते जास्त सापडतात, कारण ही कमतरता असलेल्या माणसाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून थोडं संरक्षण मिळतं. आज जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ती आहे. एंझाइमच्या आनुवंशिक दोषांमध्ये याहून सर्रास आढळणारा दुसरा दोष नाही. बहुतेक जण आयुष्यभर ठणठणीत असतात. ‘आजार’ हा शब्द मी स्वतः इथे कमीच वापरतो.

आता हे एंझाइम करतं काय? ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे त्याचं पूर्ण नाव. पेशीतल्या साखरेचा एक छोटा वाटा ते आडवाटेने वळवतं आणि त्यातून एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो. हा रेणू ग्लुटाथायोनला पुन्हा पुन्हा ताजं करतो, आणि ग्लुटाथायोन पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवतं. शरीरातल्या इतर पेशींकडे एनएडीपीएच मिळवायच्या दुसऱ्या वाटा आहेत. तांबड्या पेशीकडे ही एकच. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकाँड्रिया नाही. ती अस्थिमज्जेतून निघते ती १२० दिवसांची शिदोरी बांधून, वाटेत नवीन एंझाइम करता येत नाही. शिदोरी मुळात पुरेशी असेल तर म्हाताऱ्या पेशीलाही शेवटपर्यंत पुरते. कमतरता असेल तर पेशीचं वय वाढेल तसा खडखडाट होतो. एरवी तेही चालून जातं. ऑक्सिडीकरण करणारं काही रक्तात शिरलं की मात्र निभत नाही.

नॅफ्थलीन नेमकं तेच करतं. ती गोळी न वितळता हवेत विरत जाते. कपाटातली गोळी वर्षभरात वाटाण्याएवढी होते ती अशीच. तो वास म्हणजेच नॅफ्थलीनची वाफ. श्वासातून, त्वचेतून किंवा पोटातून शरीरात गेलं की यकृत त्याचं रूपांतर आधी इपॉक्साइडमध्ये आणि मग नॅफ्थॉल व नॅफ्थोक्विनोन यांच्यात करतं. मूळ नॅफ्थलीनपेक्षा ही पुढची रूपंच रक्ताला जास्त घातक. हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे पेशीच्या आतल्या भिंतीला चिकटतात. त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. नेहमीच्या रंगात त्या दिसत नाहीत, क्रिस्टल व्हायोलेटसारखा खास रंग घालावा लागतो. पेशी प्लीहेतून जाताना प्लीहा तो गोळा पेशीच्या तुकड्यासकट खुडून काढते. मग सूक्ष्मदर्शकाखाली कडेचा लचका तोडल्यासारख्या पेशी दिसतात. काहींचं हिमोग्लोबिन एका बाजूला गोळा झालेलं आणि उरलेली अर्धी पेशी रिकाम्या फुग्यासारखी. तुमच्या मुलाच्या रक्ताची काच पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टने बहुधा हेच पाहून बालरोगतज्ज्ञांना फोन केला असेल. रक्तगटाच्या विसंगतीमुळे होणाऱ्या काविळीत काचेवर हे चित्र नसतं.

नवजात बाळाला हे इतकं का बाधतं, याची दोन-तीन कारणं आहेत. फुटलेल्या पेशींतून सुटलेलं बिलिरुबिन यकृताने जोडून बाहेर टाकायचं असतं, आणि ते यंत्र जन्मानंतर काही आठवडे अर्धवटच चालत असतं. त्यात गिल्बर्ट सिंड्रोमचा (यकृताचं हे काम मंदावणारा) निरुपद्रवी वाटणारा जनुकबदलही असला तर कावीळ आणखी चढते, हे १९९०च्या दशकात इस्रायलमधल्या अभ्यासातून पुढे आलं. दुसरं कारण आपल्या घरातलं. आपण बाळाला तेल चोळतो, मग दुपट्यात गच्च गुंडाळतो, वर गोधडी. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात सहज विरघळतं. तेलकट त्वचा, त्यावर वर्षभर गोळ्यांच्या सोबतीत राहिलेलं कापड आणि तोंडावरून ओढलेली कुंची, म्हणजे शरीरात शिरायच्या सगळ्या वाटा मोकळ्या. आजीने काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. बाळंतविडा जपून ठेवायची ती पिढ्यांची रीत आहे. रीतीत गोळ्या अलीकडे घुसल्या.

कपड्यांना हात लागायचीही गरज नसते. १९६३ मध्ये ग्रीसमधल्या वालाएस, डोक्सियाडिस आणि फेसास या डॉक्टरांनी नॅफ्थलीनच्या वाफेने रक्तपेशी फुटलेल्या २१ नवजात बालकांची माहिती प्रसिद्ध केली. बहुतेकांचा गोळ्या ठेवलेल्या कपड्यांशी थेट संपर्क नव्हता. ते कपडे, पांघरुणं खोलीत किंवा शेजारी होती एवढंच. दोन बालकं बिलिरुबिन मेंदूत उतरून दगावली. आणि या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की जी६पीडीची कमतरता त्यांच्यापैकी साधारण निम्म्यांतच होती. उरलेल्यांचं एंझाइम ठीक होतं, तरी पेशी फुटल्या. म्हणजे कमतरता असेल तर थोडक्या मात्रेत घात होतो, नसेल तर मात्रा जास्त लागते. आणि नवजात बाळाच्या बाबतीत ‘जास्त’ म्हणजे फार नाहीच. माझ्याकडे येणारे बरेच पालक धाकट्याचा रिपोर्ट नॉर्मल आला की सुटकेचा श्वास सोडतात आणि गोळ्या परत कपाटात जातात. ते करू नका.

थोड्या मोठ्या मुलांची गोष्ट निराळी. तिथे गोळी तोंडातून जाते. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, पेपरमिंटसारखी दिसणारी; बेसिनच्या जाळीवर किंवा कपाटाच्या खालच्या फळीत, नेमकी तीन वर्षांच्या मुलाच्या हाताशी. गिळल्यावर पहिल्या दिवशी फार काही होत नाही. थोडी उलटी, तोंडाला वास. घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल मलूल होतं, ताप येतो, डोळे पिवळे, आणि लघवी काळ्या चहासारखी. ही लघवी पाहिली की आई घाबरून येते, पण गोळीचं ती आपणहून सांगत नाही, कारण मधल्या दिवसांमुळे संबंधच लक्षात येत नाही. विचारावं लागतं. आणि विचारतानाही ‘डांबराच्या गोळ्या’ म्हटलं तर काही घरांतून ‘नाही’ येतं. ‘फिनेलच्या गोळ्या’ म्हटलं की ‘हो, त्या आहेत ना!’

इथे तरुण डॉक्टरांसाठी एक गोष्ट, प्रश्नाबाहेरची असली तरी. नॅफ्थलीनमुळे मेथेमोग्लोबिनही (ऑक्सिजन वाहू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन) वाढतं. मूल निळसर दिसतं, ऑक्सिजन लावूनही पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ८५च्या आसपास अडकतो, सिरिंजमधलं रक्त चॉकलेटी दिसतं. पुस्तकात उपाय मेथिलीन ब्लू. पण मेथिलीन ब्लूला काम करायला एनएडीपीएच लागतं, आणि जी६पीडी कमी असेल तर तेच नसतं. औषध लागू तर पडत नाहीच, उलट स्वतःच पेशी फोडतं. रिपोर्ट हातात नसेल आणि मूल तग धरून असेल तर रक्त देणं, सलाइन, मूत्रपिंडावर लक्ष, हाच मार्ग बरा.

वैद्यकशास्त्राला हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. डेट्रॉइटच्या झुल्झर आणि ॲप्ट यांनी १९४९ मध्ये नॅफ्थलीन पोटात गेलेल्या मुलांच्या रक्तक्षयाचं वर्णन केलं, तेव्हा काही मुलं गोळी गिळूनही सुखरूप राहतात आणि काही मरणाच्या दारात का जातात हे सांगता येत नव्हतं. उत्तर मलेरियाच्या औषधातून आलं. अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर प्रायमाक्विनचे प्रयोग चालू होते (कैद्यांवर प्रयोग करणं आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही). काही कैद्यांचं रक्त त्या औषधाने फुटायचं. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी कमी आहे. दोन वर्षांत नॅफ्थलीनने आजारी पडलेल्या नवजात बाळांमध्येही याच साखळीचा शोध सुरू झाला.

आपल्याकडे मुंबई यात मागे नव्हती. बक्षी, बालकृष्णन, उंडेविया आणि संघवी यांनी मुंबईतल्या पारशी समाजात ही कमतरता असल्याचं १९६३ मध्येच नोंदवलं. पुढे सिंधी, पंजाबी, वाटालिया प्रजापती, कित्येक आदिवासी जमाती असं चित्र उलगडत गेलं. वेगवेगळ्या समाजगटांत प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत बदलतं, म्हणून ‘भारतात एवढे टक्के’ अशा एका आकड्याला फारसा अर्थ नाही. भारतात मुख्यतः तीन जनुकबदल सापडतात: मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण. हो, आपलं कल्याण. ‘केरळ’ आणि ‘कल्याण’ हे दोन वेगळे प्रकार समजले जात होते. १९९२ मध्ये डीएनए तपासल्यावर दोन्ही एकच निघाले, तेव्हापासून जोडनाव. यांपैकी मेडिटरेनियनमध्ये एंझाइम सर्वांत कमी उरतं आणि झटका जोरात येतो. परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने या विषयावर मोठं काम केलं आहे.

आता सासरच्या टिप्पणीकडे. जी६पीडीचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच, वडिलांकडून वाय. त्यामुळे ‘आईकडून आला’ हे खरं आहे, पण त्यात आईचा दोष तेवढाच जेवढा तिच्या नाकाच्या ठेवणीत. तुमच्याकडे दोन एक्स आहेत. एकावर बदल, दुसरा शाबूत, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. तो तुमच्या आईकडून आला असेल किंवा वडिलांकडून. एक विचारून पाहा: तुमच्या वडिलांना किंवा मामांना कधी मलेरियाच्या गोळ्यांनंतर कावीळ, काळी लघवी झाली होती का? अशी जुनी आठवण बऱ्याच घरांत निघते, ‘औषध अंगावर आलं’ म्हणून विसरलेली. आणि हेही सासरच्या मंडळींना सांगा की बापाला कमतरता असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असते, मुलग्याला मात्र ती बापाकडून कधीच मिळत नाही. मुलींमध्ये दोनपैकी कुठला एक्स कुठल्या पेशीत बंद पडेल हे नशिबावर, त्यामुळे काही वाहक बायकांनाही बऱ्यापैकी त्रास होतो. ‘हा मुलांचा आजार’ म्हणून मुलीची तपासणीच न करणं ही आमच्याच व्यवसायातली वाईट सवय आहे.

तपासणीत एक मोठी मेख आहे. झटका आलेला असताना म्हाताऱ्या, एंझाइम संपलेल्या पेशी आधी फुटून जातात. मागे उरतात त्या तरुण पेशी आणि अस्थिमज्जेने घाईने पाठवलेल्या रेटिक्युलोसाइट, म्हणजे अजून पुरत्या न पिकलेल्या तांबड्या पेशी. त्यांत एंझाइम भरपूर असतं. अशा वेळी केलेली चाचणी साफ नॉर्मल येऊ शकते. तसंच रक्त चढवल्यावर किंवा बदलल्यावर: मग ती चाचणी दात्याच्या पेशींची होते. तुमच्या बाळाचा नमुना रक्त बदलण्याआधी घेतला होता का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. आधी घेतला असेल आणि कमी आला असेल तर निदान पक्कं. नंतर घेतला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा, आणि या वेळी फक्त ‘कमी/ठीक’ सांगणारी स्पॉट टेस्ट नको, आकड्यातली मोजणी करा. स्पॉट टेस्ट पूर्ण कमतरता असलेल्या मुलग्यात चालते. वाहक बाईत ती बहुतेक वेळा फसवते. तुमची स्वतःची चाचणी नॉर्मल आली तरी तुम्ही वाहक नाही असं सिद्ध होत नाही, हे त्यामुळेच.

रसायन आणि आनुवंशिक दोष यांचं नातं नेहमी असंच असतं का? नाही, आणि तुमच्या मूळ शंकेला याच ठिकाणी थोडा आधार आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आग्नेय तुर्कस्तानात, दियारबाकिर, मार्दिन, उर्फा या भागात, पेरणीसाठी वाटलेला गहू लोकांनी उपासमारीपोटी दळून खाल्ला. त्याला हेक्झाक्लोरोबेंझीन हे बुरशीनाशक चोळलेलं होतं. तीन ते चार हजार लोकांना पोर्फिरिया झाला: उन्हाने कातडीवर फोड, व्रण, चेहऱ्यावर केस, गडद लाल लघवी. हा विकार एरवी हीम (हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग) बनवणाऱ्या एका एंझाइमच्या कमतरतेने होतो आणि काही घराण्यांत तो वारशाने येतो. इथे मात्र घराण्याचा संबंध नव्हता, रसायनानेच ते एंझाइम बंद पाडलं होतं. आयांच्या दुधातून विष गेलेली तान्ही बाळं तर गुलाबी चट्टे उठून मोठ्या संख्येने दगावली. काही गावांत दोन वर्षांखालचं मूल उरलं नाही. शिसंही हीमच्या साखळीतलं एक एंझाइम असंच अडवतं, म्हणून शिशाच्या विषबाधेतली पोटदुखी अक्यूट पोर्फिरियाची हुबेहूब नक्कल करते. नीट न बनवलेली नागभस्मासारखी (शिशाच्या भस्माची) औषधं घेणाऱ्या माणसाच्या पोटदुखीत हे ध्यानात ठेवावं लागतं. पण या दोन्हींत जनुक शाबूत असतो आणि पुढच्या पिढीत काही उतरत नाही. तुमच्या मुलाचं उलट आहे. त्याच्यात दोष वारशाचा, रसायनाने फक्त तो उघडा पाडला.

टाळायच्या गोष्टींची भलीमोठी यादी इंटरनेटवरून उतरवून फ्रिजवर लावू नका. त्यातल्या अर्ध्या गोष्टींना धड पुरावा नाही, आणि यादी जितकी लांब तितकी ती कमी पाळली जाते. पक्क्या नको असलेल्या गोष्टी थोड्या: नॅफ्थलीन, मेथिलीन ब्लू, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन, रासब्युरिकेज, आणि प्रायमाक्विन डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय. मलेरिया झालाच तर प्रायमाक्विनची आठवड्यातून एकदा अशी आठ आठवड्यांची पद्धत आहे. ती कुणाला द्यायची हे एंझाइम किती आहे यावर ठरतं. गडचिरोलीसारख्या भागात काम करणाऱ्या डॉक्टरांना हा प्रश्न रोजचा. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत चालतं. लसी सगळ्या द्यायच्या. लोहाचं औषध लागलं तर द्यायचं. तुम्ही अंगावर पाजत असाल तर वरची औषधं तुम्हालाही वर्ज्य, कारण त्यांतली काही दुधातून उतरतात. एक विसरू नका: ताप, न्यूमोनिया, कावीळ असा कुठलाही मोठा संसर्ग स्वतःच पेशी फोडू शकतो. औषधांपेक्षा संसर्गानेच झटका येणारी मुलं जास्त असतात.

वाल, पावटा, घेवडा सोडायचे का, हे प्रत्येक घर विचारतं. नाही. ज्या शेंगेने जी६पीडी कमी असलेल्यांचं रक्त फुटतं ती बाकला, व्हिसिया फाबा. तिच्यात व्हिसीन आणि कॉनव्हिसीन नावाची द्रव्यं असतात. आपला वाल-पावटा ही वनस्पतीच वेगळी, लॅबलॅब. डाळिंब्यांची उसळ खुशाल करा. बाकला आपल्याकडे स्वयंपाकात फार नाही, पण उत्तरेत आणि आखाती देशांत खाल्ला जातो. कामानिमित्त तिकडे राहणाऱ्यांनी ‘फूल’ (तिकडची कडधान्याची उसळ) आणि फलाफल खाण्याआधी कशाचं केलंय ते विचारावं.

मेंदीबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मेंदीचा रंग देणारं लॉसोन हे रसायनशास्त्राच्या भाषेत २-हायड्रॉक्सी-१,४-नॅफ्थोक्विनोन, म्हणजे नॅफ्थलीनपासून यकृत जी घातक रूपं बनवतं त्यांचा सख्खा चुलतभाऊ. मध्यपूर्वेत तान्ह्या बाळांच्या अंगाला मेंदी लावायची पद्धत आहे, आणि जी६पीडी कमी असलेल्या बाळांचं रक्त त्यानंतर जीवघेण्या प्रमाणात फुटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुमच्या हातावरच्या मेंदीने काही होणार नाही. बाळाच्या तळपायावर हौसेने टिपका मात्र काढू नका. के जीवनसत्त्वाचं जुनं कृत्रिम रूप, मेनाडायोन, हेही याच कुळातलं. १९५०च्या दशकात ते जास्त मात्रेत दिलेल्या नवजातांमध्ये मेंदूपर्यंत पोचणारी कावीळ दिसली आणि ते मागे पडलं. आता जन्मल्यावर देतात ते के-१ आणि ते सुरक्षित आहे. ‘के’चं इंजेक्शन टाळायचं म्हणून भांडणारे पालक आले आहेत माझ्याकडे, ते चुकतात.

आता घरातलं काम. बाजारातल्या पांढऱ्या गोळ्या सगळ्या नॅफ्थलीनच्या नसतात, काही पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात, आणि सुट्या घेतलेल्यांवर नाव नसतंच. ओळखायचं असेल तर एका टाकाऊ बरणीत पाणी घ्या, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि गोळी सोडा. तरंगली तर नॅफ्थलीन, बुडाली तर पॅराडायक्लोरोबेंझीन. दुसरंही काही निर्धोक नाही. बाळाच्या घरात दोन्ही नकोतच, म्हणून ही परीक्षा उत्सुकतेपुरती किंवा डॉक्टरांना नेमकं सांगण्यापुरती. कापडातला वास जाईपर्यंत उन्हात टाका, दोन-तीनदा धुवा, तरी ती दुपटी या बाळाला वापरू नका. गोधडी धुऊन वास जात नाही, आत थरांत राहतो. ती बाळाच्या घरात नकोच. बेसिन, मोरी, संडासातल्या गोळ्याही काढा. आणि पाहुण्यांचा विचार करा: बारशाला, मुंजीला कपाटातून थेट नेसून आलेली पैठणी किंवा शालू, मग बाळ मांडीवर. वास येत असेल तर बाळ देऊ नका, वाईट दिसलं तरी. कपड्यांसाठी कडक ऊन, घट्ट झाकणाची पेटी आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला एवढं आपल्या हवेत पुरतं. नॅफ्थलीनऐवजी कापूर ठेवायचं बऱ्याच जणांच्या मनात येतं. कपाटात बंद ठीक, पण बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी किंवा छातीवर कापराचं मलम नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येते, जी६पीडी कसंही असो. युरोपीय संघाने नॅफ्थलीनच्या गोळ्या २००८ मध्येच बंद केल्या. आपल्याकडे किराणा दुकानात त्या अजून पापडाशेजारी टांगलेल्या दिसतात.

राहिलं दुसऱ्या बाळाचं. तुम्ही वाहक आहात असं धरून चला. प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाला तर त्याला कमतरता असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती वाहक असण्याची निम्मी. गर्भजलाची तपासणी वगैरे करायची काही गरज नाही, एवढा हा दोष मोठा नाही. प्रसूतितज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा की जन्मल्याबरोबर नाळेच्या रक्तातून जी६पीडी पाठवायचं आहे; सिंगापूरमध्ये १९६५ पासून प्रत्येक बाळाचं हे करतात आणि तिथे काविळीने मेंदूला होणारी इजा जवळपास नाहीशी झाली आहे. रिपोर्ट येईपर्यंत कमतरता आहे असंच समजून वागायचं, बिलिरुबिन घरी सोडण्याआधी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर तिथल्या ट्रंका, कपाटं निदान महिनाभर आधी रिकामी करून हवेशीर करायला सांगा. मोठ्या मुलाचं निदान पक्कं झालं की ते त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या, आणि तुमच्या बहिणींना व मावश्यांना हा निरोप द्या. त्यांच्या मुलग्यांची चाचणी काही शे रुपयांत होते.